गांधीलमाशीचं पोळं: पाडण्याआधी जरा बघा

वसंतात खिडकीच्या छज्जाखाली गांधीलमाशी एकटीच घिरट्या घालताना दिसली, तर लगेच झाडू उचलू नका. पोळं घालायला सुरुवात झाली असेल. मातीचं घर करणारी कुंभारीण वेगळी. ही कागद बनवते. फाटकाच्या उन्हाने राखाडी पडलेल्या लाकडावर ती बसली की कान द्या, खरवडल्याची बारीक करकर ऐकू येते. तो भुसा लाळेत मळून आधी काळसर देठ आणि मग त्याला उलट्या टांगलेल्या षट्कोनी खोल्या. खोली पुरती उभीही नसते, तोवर आत पांढरं अंडं चिकटलेलं असतं!

दोन मीटरवर बसा, मोबाइलचा झूम वापरा. पोळ्यावर फुंकर नको, खिडकी धाडकन आपटणं नको, तिच्या येण्याजाण्याच्या वाटेत उभं राहणं तर नकोच. ती पंख उभारून तुमच्याकडे तोंड करून थांबली, तर हळूच मागे सरका. रोज एकाच जागेवरून फोटो काढून खोल्या मोजा. आपल्याकडच्या रोपालिडिया मार्जिनाटा जातीत राणी दिसायला इतरांसारखीच असते, त्यामुळे पुढे माश्या वाढल्यावर तिला ओळखणं अवघड जातं. पाहायचं ते आत्ताच.

दाराच्या चौकटीवरच पोळं असेल किंवा घरात कुणाला दंशाची ॲलर्जी असेल, तर मात्र हा नाद सोडा.