तालमीत गळवं पसरतायत? या चुका टाळा

सांगली जिल्ह्यातल्या निवासी तालमींत पोरं एकाच खोलीत ओळीनं वळकट्या टाकून झोपतात आणि एकाच हौद्यात अंगाला अंग घासून लढतात. अशा ठिकाणी एकाच्या मांडीवर केसतूड उठलं की थोड्याच दिवसांत दुसऱ्याच्या मानेवर, तिसऱ्याच्या कोपरावर दिसू लागतं. मग कोणीतरी म्हणतं, "खुराकाची उष्णता आहे. बदाम कमी कर, सब्जा घे."

पहिली चूक ही. बदामानं गळू होत नाही. पू धरणाऱ्या बहुतेक गळवांमागं स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू असतो. साधारण तिघांपैकी एका धडधाकट माणसाच्या नाकात तो काही त्रास न देता राहतो आणि कातडी खरचटली की आत शिरतो. त्याचीच एमआरएसए ही जात पेनिसिलिन गटातल्या नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. त्याच गटातलं मेथिसिलिन हे औषध १९५९ साली वापरात आलं आणि १९६१ मध्येच त्याला न जुमानणारे जंतू ब्रिटनमध्ये सापडले. नुसतं बघून साधं गळू कुठलं आणि एमआरएसएचं कुठलं हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. धट्टीकट्टी पोरंही यातून सुटत नाहीत. अमेरिकेतल्या सेंट लुईस रॅम्स या व्यावसायिक फुटबॉल संघात २००३ च्या हंगामात ५८ पैकी पाच खेळाडूंना एमआरएसएची गळवं झाली, तीही कृत्रिम गवतावर घासून सोललेल्या जागी. टॉवेल ते एकमेकांचेच वापरत होते.

दुसरी चूक पिळण्याची. सेफ्टी पिन काडीवर तापवायची, दोन्ही अंगठ्यांनी दाबायचं आणि पू लंगोटाच्या टोकाला पुसायचा. दाबल्यानं पू बाहेर येतो तसा आतही पसरतो, आणि पुसलेला पू पुढच्या अंगावर जातो. नाकाजवळचं किंवा वरच्या ओठावरचं गळू तर चुकूनही पिळू नका, तिथला संसर्ग क्वचित मेंदूपर्यंत पोचतो. पिकलेलं मोठं गळू डॉक्टरांनी जागा बधिर करून, चिरा देऊन रिकामं करायचं असतं. एमआरएसएच्या गळवावरही मुख्य उपचार हाच, गोळ्या त्यानंतर.

सगळ्यांत महागात पडणारी चूक मात्र मेडिकलमध्ये होते. "गळवावर काहीतरी द्या" म्हणून गोळ्यांची अर्धी पट्टी आणायची, ती तिघांत वाटायची आणि दुखायचं थांबलं की सोडून द्यायची. बऱ्याचदा हातात पडते सेफिक्झिम ही अँटिबायोटिक गोळी. स्टॅफिलोकोकसवर ती मुळातच फारशी चालत नाही, आणि अशा अर्धवट डोसांत नेमके चिवट जंतू टिकतात. सेफिक्झिम शेड्यूल एच१ या औषधांच्या सरकारी यादीत येते. १ मार्च २०१४ पासून हा नियम लागू आहे: चिठ्ठीशिवाय विक्री नाही, आणि दुकानदारानं वेगळ्या वहीत नोंद ठेवायची. तुमच्यापुरतं एवढंच करा: गोळ्या सुरू होण्याआधी डॉक्टरांना "पुवाचं कल्चर करू का?" असं विचारा. पुवातला जंतू वाढवून बघायची ही तपासणी मिरज-सांगलीत होते, रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. कुठलं औषध लागू पडेल ते त्यातून कळतं.

गळवावर पट्टी गुंडाळून जोड खेळवणंही थांबवा. अमेरिकेतल्या कॉलेज कुस्तीचा नियम इथंही लावण्यासारखा आहे: किमान ७२ तास औषध झालेलं, गेल्या ४८ तासांत नवा फोड नाही आणि कुठलीच जखम ओली नाही, तरच मॅटवर. मैदान जवळ आलं की पोरं गळू लपवतात, कारण नाव कापलं जाईल ही भीती असते. म्हणून वस्तादांनी रोज सरावाआधी प्रत्येकाचं अंग बघावं, आणि गळू दाखवणाऱ्या पोराला रागावू नये. हौद्याच्या मातीत हळद, ताक, लिंबू घालायची जुनी रीत जरूर पाळा, पण तिच्या भरवशावर उघडी जखम हौद्यात उतरवू नका.

मालिशची तेलाची वाटी बघा. एकच वाटी, आणि तीत सगळ्यांची बोटं. तेल बाटलीतून तळहातावर ओता. टॉवेल, वस्तरा, साबणाची वडी, लंगोट ज्याचं त्याचं वेगळं हवं आणि कपडे कडक उन्हात वाळायला हवेत. सराव संपला की लगेच साबणानं अंघोळ.

मॅट नुसती ओल्या फडक्यानं पुसून भागत नाही. आधी साबणाच्या पाण्यानं मळ काढा. मग ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १० मिलि एक लिटर पाण्यात घालून त्याचा हात फिरवा, दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग साध्या पाण्यानं पुसा. हे पाणी रोज ताजं करा. त्यात संडास साफ करायचं अॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

पुन्हापुन्हा गळवं येत असतील तर डॉक्टर नाकात लावायचं म्युपिरोसिन मलम आणि क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाची अंघोळ सुचवू शकतात. आपल्या मनानं सुरू करू नका, म्युपिरोसिनलाही जंतू सरावतात. ताप आला, लाली झपाट्यानं पसरली, गळू चेहऱ्यावर आहे किंवा पोराला मधुमेह आहे, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा.