हर्शस्प्रुंग: नवजात बाळाचं पोट फुगलं तर काय बघायचं, काय करायचं

बाळ झालं की वजन किती, नाक कुणासारखं सगळं विचारून होतं, पण पहिली काळी शी कधी झाली ते नर्सला नक्की विचारा आणि वेळ लिहून ठेवा. दिवस पूर्ण भरलेली बहुतेक बाळं 24 तासांत ती चिकट काळी शी करतात. 48 तास उलटले तरी नाही झाली तर डिस्चार्जची घाई नको, डॉक्टरांना सरळ विचारा की हर्शस्प्रुंग असू शकतो का. साधारण 5000 बाळांत एकाला हा आजार असतो, मुलींपेक्षा मुलांना जास्त. आतड्याच्या शेवटच्या भागात नसांच्या पेशीच तयार झालेल्या नसतात, म्हणून तो भाग सैल पडत नाही आणि शी मागे तुंबत जाते.

घरी शी होईना की विड्याच्या पानाचं देठ एरंडेल लावून आत घालतात. हर्शस्प्रुंग असलेल्या बाळाला देठ काढल्या काढल्या फसकन गॅस आणि घाण वासाची पातळ शी पिचकारीसारखी येते, पोट उतरतं, सगळ्यांना वाटतं झालं मोकळं, आणि परत पोट तट्ट. हेच तर लक्षण आहे! देठ, गुटी, हिंग यात दिवस घालवू नका हो, पीडियाट्रिक सर्जनला दाखवा. खात्री बायोप्सीनेच, म्हणजे आतड्याचा छोटा तुकडा काढून तपासल्यावरच होते.

खरा जीवघेणा प्रकार म्हणजे एन्टेरोकोलायटिस. तुंबलेल्या आतड्यात इन्फेक्शन होतं आणि ते रक्तात पसरू शकतं. पोट फुगलेलं, ताप, उलट्या, सडका वास असलेले लूज मोशन, बाळ मलूल, दूध ओढत नाही. यातलं सगळंच दिसायची वाट बघू नका, रात्र असली तरी 108 ला फोन करा, फाइल बरोबर घ्या आणि गेल्या गेल्या हर्शस्प्रुंग हा शब्द सांगा, नाहीतर साधे जुलाब समजून वेळ जातो. तिथे सलाइन, अँटिबायोटिक आणि आतडं धुणं लगेच सुरू करावं लागतं.

हर्शस्प्रुंगचं ऑपरेशन झालं म्हणजे धोका संपला असं नाही, नंतरही एन्टेरोकोलायटिस होतो, पहिल्या वर्ष-दोन वर्षांत जास्तच. जुलाब थांबवायचं औषध मनाने कधीच देऊ नका. घरी वॉशआउट, म्हणजे आतडं धुणं, शिकवलं असेल तर सर्जनने सांगितलेलं नॉर्मल सलाइनच वापरा, साधं पाणी अजिबात नाही.

आणि उलटी हिरवी असेल तर पोट मऊ असलं तरी लगेच निघा, आतड्याला पीळ पडलेला असू शकतो आणि मग काही तासांत आतडं काळं पडतं.