नवे शाईचे पेन अडखळते? या चुका टाळा

नवे शाईचे पेन अडखळू लागले की बहुतेकांचा हात आधी निबेकडे जातो. जोर देऊन लिहिणे, ब्लेडच्या पात्याने निब फाकवणे, ती काडेपेटीवर घासणे, हे सारे उपाय वर्गावर्गांतून चालत आलेले आहेत. पण सुरुवात या उपायांनी करू नये, कारण वाकलेली निब घरच्या घरी सरळ होत नाही आणि दोष बहुधा निबेत नसतोच.

पेनमधील शाई निबेखालच्या जिभेच्या बारीक खाचांतून केशाकर्षणाने टोकाकडे येते आणि तिची जागा घेण्यासाठी हवा त्याच वाटेने आत जाते; लुईस वॉटरमन यांनी १८८४ साली ज्या पेनचे पेटंट मिळवले, त्यातही हीच देवाणघेवाण साधलेली होती. नव्या पेनच्या खाचांत कारखान्यातील तेलाचा अंश राहिलेला असेल, तर शाई तेथे नीट पसरत नाही आणि ओळ मध्येच फिकी पडते. म्हणून शाई भरण्यापूर्वी निबेचा भाग कोमट पाण्यात, भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एक थेंब टाकून धुवावा, मग साध्या पाण्याने खळखळून घ्यावा. कढत पाणी आणि नेलपॉलिश काढण्याचे द्रव्य मात्र कटाक्षाने टाळावे, कारण त्यांनी प्लास्टिकची जीभ कायमची बिघडू शकते. खान्देशात ज्यांच्या घरी बोअरचे जड पाणी येते आणि बादलीच्या काठावर पांढरा थर धरतो, त्यांनी शेवटचे धुणे फिल्टरच्या पाण्याने करावे.

दोष कोठे आहे हे ओळखायचे असेल, तर निब शाईत बुडवून लिहून पाहावे. बुडवल्यावर काही ओळी छान उमटून मग पेन कोरडे पडत असेल, तर अडचण जिभेत किंवा शाई भरण्यात आहे: कार्ट्रिज (शाईची तयार भरलेली नळी) पुरती टोचली गेलेली नसते, कन्व्हर्टर (बाटलीतली शाई ओढून भरण्याची नळी) घट्ट बसलेला नसतो किंवा शाई त्याच्या मागच्या टोकाला चिकटून राहिलेली असते, जी बोटाने हलकेच टिचकी मारताच खाली उतरते. दुकानदारही पेन बुडवूनच दाखवतात, त्यामुळे हा दोष खरेदीच्या वेळी दिसत नाही.

शाई फाउंटन पेनचीच हवी. चित्रकलेच्या काळ्या वॉटरप्रूफ शाईत लाख असते आणि ती एकदा खाचांत वाळली की सहसा निघत नाही. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा पंख्याखाली उघडे ठेवलेले पेन थोड्याच वेळात टोकाला सुकते. तो पेनचा दोष मानू नये, टोपण लावावे.

एवढे करूनही, बुडवल्यावरसुद्धा रेघ उमटत नसेल, तर निब उजेडासमोर धरून भिंगातून पाहावी. मधल्या चिरेत उजेडाची बारीक रेघ दिसायला हवी. ती टोकाच्या बरीच आधी बुजलेली असेल किंवा चिरेच्या दोन्ही बाजूंची निबेची पाती वरखाली असतील, तर पेन दुकानात नेऊन निब बदलून मागावी. ब्लेड लावलेली निब कोणताही दुकानदार सहसा परत घेत नाही.