कंपनी विकली जातेय? सही करण्याआधी या चुका टाळा

कंपनी विकल्याची कुणकुण लागली की खात्याखात्यात एकच चर्चा: "आपल्याला किती मिळणार?" नक्की काय विकलं, हे मात्र कुणी विचारत नाही.

नुसते शेअर विकले असतील तर कायद्याच्या नजरेत तुमचा मालक बदललेलाच नाही. कंपनी तीच, नोकरी तीच. तिथे भरपाई मागायला गेलात तर हात हलवत परत याल. पण अख्खा कारखानाच दुसऱ्या कंपनीकडे गेला असेल, तर गोष्ट वेगळी. औद्योगिक विवाद कायद्याचं 25एफएफ कलम यासाठीच होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता आली, तिच्यातही ही तरतूद जवळपास तशीच आहे. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. हे द्यायचं नसेल तर तीन अटी: सेवेत खंड नको, सेवाशर्ती आधीपेक्षा वाईट नकोत, आणि पुढे कामगार कपात झालीच तर जुनी वर्षं धरून भरपाई देणं नव्या मालकावर बंधनकारक हवं. तिन्ही हव्यात, दोन नाही.

या अटींतून सुटायचा मालकाचा सोपा रस्ता म्हणजे तुमचा राजीनामा. ही चूक बघून बघून मी वैतागलोय. सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात शनिवारी शिफ्ट सुटताना कागद वाटले: वर राजीनामा, खाली नव्या कंपनीचं नेमणूक पत्र. जुनी माणसं "सोमवारपर्यंत थांबा" म्हणत होती. पण पोरांना फुल अँड फायनलचा चेक दिसत होता, आणि एकाने केली की सगळे करतात. पूर्ण 12 वर्षं झालेल्या एका फिटरनेही सही ठोकली. ग्रॅच्युइटी मिळाली, मोटरसायकल आली. सव्वा वर्षाने नव्या मालकाने कपात केली, तेव्हा भरपाई हातात पडली 15 दिवसांची. सेवा सलग असती तर 13 वर्षांचे 195 दिवस धरले असते. मग कागद घेऊन माझ्याकडे! राजीनामा दबावाखाली घेतला हे आता त्यालाच सिद्ध करायचं होतं, आणि कागदावर "स्वखुशीने" लिहिलेलं.

माझी पद्धत साधी आहे. राजीनाम्याचा कागद पुढे आला की सही न करता फोटो काढायचा आणि घरी जायचं. नेमणूक पत्रात मूळ रुजू तारीख आणि "आधीची सेवा सलग धरली जाईल" हे वाक्य नसेल तर ते लेखी मागायचं. साहेबांनी तोंडी सांगितलं, हे मला ऐकवू नका. साहेबही बदलतात.

नव्या मालकाकडे जायचंच नसेल तर जबरदस्ती नाही; संमतीशिवाय कामगार दुसऱ्याकडे सोपवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सांगितलंय. उलट, "नव्या मालकाने आम्हाला घ्यायलाच पाहिजे" हा हट्टही कोर्टात टिकत नाही. आंध्रातल्या अनकापल्ले साखर कारखान्याच्या जुन्या खटल्यापासून हे ठरलेलं आहे.

पगाराच्या चिठ्ठ्या जपा.

मॅनेजर मंडळींनी वरची भरपाई स्वतःची समजू नये; ती कायद्याने ज्यांना कामगार म्हटलंय त्यांचीच. त्यांनी आपला करार वाचावा.

पीएफचं पासबुक विक्रीआधी बघा, नंतर नाही. थकबाकीला जुना आणि नवा दोघेही जबाबदार असतात, पण नव्याची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेच्या किमतीपुरतीच. हे घेणाऱ्या शेठजींनीही वाचावं. यंत्रं मोजतात, पीएफची चलनं कुणी बघत नाही.