कार्डावरचा रक्तगट आणि बल्बमधला रक्तगट

"ताई, माझा ओ पॉझिटिव्हच आहे. हे बघा कार्ड. लगेच काढा."

रात्रपाळीला आमच्या खिडकीशी अशी मुलं येतात. कुणी धायरीहून, कुणी वाघोलीहून, मित्राच्या वडिलांसाठी रक्त द्यायला झोपेतून उठून आलेली. मला त्यांचं मनापासून कौतुक वाटतं. तरी मी कार्ड बाजूला ठेवते आणि बोटाला टोचते. पुण्यातल्या एका रक्तपेढीत मी २३ वर्षं टेक्निशियन आहे आणि नुसत्या कार्डाच्या भरवशावर एकही बॅग खिडकीबाहेर दिलेली नाही. असं का, हे कळलं की रक्तगटाचं बरंचसं कळतं, म्हणून तिथूनच सांगते.

एक तांबडी पेशी डोळ्यांसमोर आणा. तिच्या अंगावर साखरेच्या रेणूंच्या बारीक साखळ्या असतात. साखळीच्या टोकाला भिंतीवर असते तशी एक खुंटी आहे असं समजा. या खुंटीला आम्ही एच म्हणतो. ए गटाच्या माणसात त्या खुंटीला एक विशिष्ट साखर अडकवलेली असते, बी गटात दुसरी. एबी गटात काही खुंट्यांवर ही, काहींवर ती. ओ गटात खुंटी मोकळी. ही अडकवलेली साखर म्हणजे अँटिजेन, शाळेच्या पुस्तकातलं प्रतिजन. ओ नावाचा काही वेगळा पदार्थ असतो असं पुष्कळांना वाटतं, पण ए आणि बी दोन्ही नसणं म्हणजेच ओ.

गटाची दुसरी बाजू प्लाझ्मामध्ये, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवात असते. जी साखर स्वतःच्या पेशींवर नाही, तिच्याविरुद्धच्या अँटिबॉडी, म्हणजे परक्याला चिकटून हल्ला करणारी प्रथिनं, शरीर बाळगून असतं. ए गटाच्या माणसाकडे बीविरुद्धच्या, बी गटाकडे एविरुद्धच्या, ओ गटाकडे दोन्हींविरुद्धच्या, एबीकडे कुठल्याच नाहीत. आयुष्यात कधी रक्त चढवलेलं नसतानाही त्या असतात, कारण आतड्यातल्या जिवाणूंवरही अशाच साखरा असतात आणि त्यांच्याशी गाठ पडून बाळ तीन ते सहा महिन्यांचं झालं की या अँटिबॉडी बनायला लागतात. म्हणून तान्ह्या बाळाचा गट आम्हाला फक्त पेशींवरून लावावा लागतो. तुमच्या मुलाच्या फाइलमध्ये जन्माच्या वेळचाच गट लिहिलेला असेल, तर तो मोठेपणी एकदा पुन्हा तपासून घ्या.

व्हिएन्नामध्ये कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली यातले एबी सोडून बाकीचे गट जगापुढे मांडले, ते स्वतःचं आणि प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचं रक्त एकमेकांत मिसळून बघून. १९३० साली त्यांना नोबेल मिळालं. त्यांचा १४ जून हा जन्मदिवस आपण रक्तदाता दिन म्हणून पाळतो. आमच्या टेबलावर रोज चालतं ते मुळात त्यांचंच काम आहे.

शिबिरात तुमचा गट बघतात तेव्हा मान वळवू नका, टाइलकडे बघा. पांढऱ्या टाइलवर अँटिबॉडींचे तीन थेंब असतात. निळा अँटी-ए, पिवळा अँटी-बी, बिनरंगी अँटी-डी. प्रत्येकात तुमच्या रक्ताचा थेंब मिसळून टाइल हलकेच हलवली, की जिथे जुळणारा अँटिजेन असेल तिथे रक्त दूध फाटल्यासारखं दिसतं. लाल कण वेगळे, पाणी वेगळं. निळ्यात फाटलं तर ए, पिवळ्यात फाटलं तर बी, दोन्हींत फाटलं तर एबी, दोन्हींत सरळ राहिलं तर ओ. बिनरंगीत फाटलं तर पॉझिटिव्ह, म्हणजे पेशीवर डी नावाचा अँटिजेन आहे.

टाइलवरची तपासणी ही चाळणी. खरा निकाल नळीत लागतो, तोही दोन्ही बाजूंनी. एकीकडे तुमच्या पेशी आणि आमचा अँटिसेरा, म्हणजे टाइलवरच्यासारखंच अँटिबॉडींचं द्रव, दुसरीकडे तुमचा प्लाझ्मा आणि आमच्याकडच्या माहीत असलेल्या ए, बी आणि ओ पेशी. नळी सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून काढली की तळाशी लाल टिकली बसलेली असते. नळी तिरकी करून हलकी टिचकी मारायची. टिकली उदबत्तीच्या धुरासारखी विरत वर आली तर त्या नळीची तपासणी निगेटिव्ह, म्हणजे पेशी चिकटल्या नाहीत. अख्खी किंवा तुकड्यांनी सुटली तर तपासणी पॉझिटिव्ह, म्हणजे पेशी चिकटल्या. दोन्ही बाजूंचं उत्तर जुळलं तरच रजिस्टरमध्ये गट लिहायचा. मला या कामात सगळ्यात जास्त विश्वास या दुसऱ्या बाजूवर आहे, आणि तो का बसला ते सांगते.

काही वर्षांपूर्वी ऑपरेशनसाठी कोकणातून पुण्यात आलेल्या एका बाईंचं सॅम्पल आलं. शाळेपासून ओ पॉझिटिव्ह. टाइलवर ओ, नळीत पेशींच्या बाजूने ओ. पण त्यांच्या प्लाझ्मात आमच्या ओ पेशी टाकल्या आणि टिकली दगडासारखी अखंड सुटली. मोकळ्या खुंटीच्या पेशींवर कुणी एवढं का धावून जावं? तीन ओ बॅगांशी क्रॉसमॅच, म्हणजे त्यांचा प्लाझ्मा आणि बॅगेतल्या पेशी जुळतात का ही तपासणी, लावून बघितला, तिन्हींत रक्त फाटलं. मग त्यांच्या पेशींना अँटी-एच, म्हणजे खुंटी ओळखणारं द्रव, लावलं. काहीच झालं नाही. त्या पेशींवर खुंटीच नव्हती, म्हणून त्यांच्या अँटिबॉडी आमच्या ओ पेशींच्या खुंटीवर धावून गेल्या होत्या. हा बॉम्बे रक्तगट. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पहिल्यांदा ओळखला, म्हणून हे नाव. आपल्या देशात साधारण दहा हजारांत एकाचा असतो. अशा माणसाला ओ रक्तसुद्धा चालत नाही, फक्त बॉम्बे गटाचंच चालतं. त्या बाईंसाठी दुसऱ्या शहरातून दाता मिळाला, ऑपरेशन चार दिवस पुढे गेलं आणि नीट पार पडलं. कार्डावर विसंबून ओ बॅग लावली असती तर काय झालं असतं, हे आठवून मला अजूनही पोटात गोळा येतो.

याच खुंटीमुळे घरातला एक जीवघेणा संशयही सुटू शकतो. आईवडील दोघेही ओ आणि मूल ए किंवा बी निघालं की लोक भलतंसलतं बोलायला लागतात. आधी तिघांचीही नळीतली तपासणी पुन्हा करून घ्या, कारण पुष्कळदा जुना कागदच चुकलेला असतो. आणि पालकांपैकी एक बॉम्बे गटाचा असेल, तर खुंटी नसल्यामुळे ए किंवा बीचा वारसा त्याच्यात दिसत नाही, पण मुलात उतरतो. रक्तगटाच्या चिठ्ठीवरून कुणाच्या चारित्र्याचा निवाडा करू नका, हे मी हात जोडून सांगते.

आता कोणाला कोणाचं चालतं. आधी बॅगेत काय आहे ते बघा, कारण पेशींचा नियम आणि प्लाझ्माचा नियम एकमेकांच्या उलटे आहेत. बॅगेवर पीसीव्ही लिहिलं असेल तर आत मुख्यतः तांबड्या पेशी. रुग्णाच्या अँटिबॉडी ज्यांच्यावर तुटून पडतील अशा पेशी द्यायच्या नाहीत, एवढं धरून चाला. ओ रुग्णाला फक्त ओ. ए रुग्णाला ए किंवा ओ. बीला बी किंवा ओ. एबीला कुठलंही. बॅगेवर एफएफपी असेल तर आत प्लाझ्मा, म्हणजे दात्याच्या अँटिबॉडी. त्या रुग्णाच्या पेशी फोडायला नकोत. म्हणून इथे एबीचा प्लाझ्मा सगळ्यांना चालतो आणि ओचा फक्त ओ रुग्णाला. "ओ सगळ्यांना चालतो ना?" असं विचारणाऱ्याला मी आधी विचारते, काय हवंय, पीसीव्ही की एफएफपी? प्लेटलेट्सना गटाची सक्ती इतकी कडक नसते, पण जुळत्या मिळाल्या तर आम्ही त्याच देतो.

पॉझिटिव्ह-निगेटिव्हचं गणित डी अँटिजेनचं. आपल्याकडे शंभरात साधारण पाच जण निगेटिव्ह असतात, आणि ओ निगेटिव्ह त्याहून कमी. त्यामुळे त्या दोन-चार बॅगा आम्ही जपून ठेवतो. नवले पुलावरच्या अपघातातला रुग्ण येतो, गट लावायलाही वेळ नसतो, तेव्हा त्या लागतात. डीविरुद्धच्या अँटिबॉडी जन्मजात नसतात. पॉझिटिव्ह रक्ताशी गाठ पडली तरच त्या तयार होतात, आणि ही गाठ बाळंतपणातही पडते. आई निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळाच्या पेशी आईच्या रक्तात शिरतात, पहिलं बाळ बहुधा सुखरूप असतं, पुढचं बाळही पॉझिटिव्ह असेल तर त्याच्या पेशींवर आईच्या अँटिबॉडी हल्ला करू शकतात. ते टाळायला अँटी-डीचं इंजेक्शन असतं, साधारण २८व्या आठवड्यात एक आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत दुसरं. गर्भपात झाला तरी डॉक्टरांना याबद्दल विचारा. हे इंजेक्शन राहून गेलेल्या आया मी बघितल्या आहेत, म्हणून घरात निगेटिव्ह लेक किंवा सून असेल तर ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

काही जणांच्या पेशींवर डी इतका कमी असतो की साध्या तपासणीत तो दिसत नाही. असा माणूस रक्त देताना पॉझिटिव्ह धरला जातो आणि घेताना निगेटिव्ह. दोन ठिकाणचे दोन कागद वेगळे निघाले तर प्रत्येक वेळी लॅबची चूक असते असं नाही.

हे सगळं बरोबर असूनही रुग्णाचा जीव धोक्यात येतो, तो चुकीच्या नावामुळे. गट चुकीचा लावल्यामुळे होणाऱ्या घटनांपेक्षा, एकाचं सॅम्पल दुसऱ्याच्या नावाने आल्यामुळे होणाऱ्या घटना जास्त. एका रुग्णालयातून एकदा एका आजोबांसाठी मागणी आली. बल्बमधलं, म्हणजे सॅम्पलच्या छोट्या नळीतलं, रक्त बी लागलं. आमच्या जुन्या रजिस्टरमध्ये त्याच नावाने, त्याच वयाने ए नोंदलेला. मी बॅग द्यायची थांबवली आणि नवं सॅम्पल मागवलं. नातेवाईक चिडले, वॉर्डमधूनही दोनदा फोन आले. नवं सॅम्पल ए निघालं. शेजारच्या खाटेवर त्याच आडनावाचे दुसरे रुग्ण होते, दोघांचे बल्ब आधी भरून घेतले होते आणि लेबलं नंतर काउंटरवर चिकटवली होती. ए गटाच्या त्या आजोबांना बीची बॅग लागली असती.

म्हणून तुमच्या माणसाचं रक्त काढतील तेव्हा जवळ उभे राहा. जांभळ्या टोपणाच्या बल्बवर पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक खाटेपाशीच लिहिला जातोय ना, हे बघा. फॉर्मवरचा क्रमांक आणि बल्बवरचा क्रमांक एकच आहे का, हे खिडकीशी येण्याआधी वाचा. फॉर्मवर पूर्वी रक्त चढवलंय का आणि किती गरोदरपणं झाली हे विचारलेलं असतं. ते खरं सांगा. अशा रुग्णांच्या रक्तात ए, बी, डीखेरीज इतर गटांविरुद्धच्या अँटिबॉडीही असू शकतात. मग बॅग जुळवायला जास्त वेळ लागतो. एरवीही क्रॉसमॅचला पाऊण ते एक तास जातो, कारण रुग्णाचा प्लाझ्मा आणि दात्याच्या पेशी शरीराच्या तापमानाला, ३७ अंशांवर ठेवून, धुऊन, पेशींना चिकटलेल्या अँटिबॉडी दाखवणारा कूम्ब्स सीरम घालून बघायच्या असतात. त्या तासात तुम्ही खिडकीशी ताटकळता हे मला दिसत असतं.

"घरचंच रक्त बरं" हा समज मात्र सोडून द्या. मुलाचं रक्त आईला, भावाचं भावाला दिलं तर दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात टिकून त्यालाच इजा करण्याचा धोका असतो, तसं द्यावंच लागलं तर बॅग इरॅडिएट करावी, म्हणजे तिला किरण द्यावे लागतात. पुढे मूल हवं असलेल्या बाईला नवऱ्याचं रक्त शक्यतो देत नाहीत. तुम्ही रक्त द्या, पण दुसऱ्यासाठी द्या. आणि जमल्यास मे महिन्यात या. गणेशोत्सवात मंडळांची शिबिरं असतात, तेव्हा फ्रिज भरतात. मेमध्ये कॉलेजं बंद, अर्धं पुणं गावाला, आणि तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवसच टिकतात. प्लेटलेट्स तर पाचच दिवस.

बॅग हातात पडली की ती घरी, गाडीत, खिशात गरम करायची नाही. सरळ वॉर्डात न्यायची, अर्ध्या तासात लागली पाहिजे आणि चार तासांत संपली पाहिजे. लावण्याआधी दोन जणांनी बॅगेवरचा क्रमांक, गट, मुदत आणि रुग्णाच्या मनगटावरचं नाव मोठ्याने वाचून पडताळायचं असतं. तुम्हीही ऐका. पहिली पंधरा मिनिटं खाटेपासून हलू नका, फोन बाजूला ठेवा. हुडहुडी, ताप, कंबरेत कळ, छातीत दडपण, धाप, अंगावर पित्त, लघवीचा रंग काळपट लाल, यातलं काहीही दिसलं की लगेच सिस्टरना हाक मारा. थेंब बंद करायचे ते त्यांनी, सुई काढायची की ठेवायची तेही तेच ठरवतील. आणि उरलेली बॅग कचऱ्यात जाऊ देऊ नका. ती नळीसकट, रुग्णाच्या नव्या सॅम्पलसोबत, आमच्याकडे परत पाठवायला सांगा. रात्रीचे तीन वाजलेले असले तरी चालेल, खिडकी उघडी असते.