दातांची भीती आणि गुंगीचं औषध: या चुका टाळा

"डॉक्टर, आधी मला झोपवा, मग दाढेचं काय करायचं ते करा."

हे वाक्य खुर्चीत बसायच्या आधी, दारातूनच ऐकू येतं. बोलणाऱ्याचे हात गार पडलेले असतात आणि दाढ बहुधा सहा-आठ महिने अंगावर काढलेली असते. मी अशा माणसाला हसत नाही. ही भीती खरी असते, आणि तिच्यावर चांगली औषधंही आहेत. पण इतक्या वर्षांत गुंगीच्या औषधांचे जे घोटाळे पाहिले, त्यात औषधाचा दोष क्वचित होता. कुणी काहीतरी गैरसमज करून आलेला होता, नाहीतर कुणी काहीतरी सांगायचं टाळलं होतं.

गुंगी घेतली म्हणजे सुई टळली?

आपल्याकडे 'भूल' हा एकच शब्द सगळीकडे चालतो. हिरडीत इंजेक्शन दिलं तरी भूल, ऑपरेशन थिएटरात माणूस पूर्ण बेशुद्ध केला तरी भूल. या दोन्हींच्या मधे एक अवस्था असते. माणूस जागा असतो, सांगितलं की आ करतो, मान वळवतो, पण त्याला कशाची फिकीर वाटत नाही. दवाखान्यात तिला सेडेशन म्हणतात, आपण गुंगी म्हणू. दातांच्या खुर्चीत सहसा हीच दिली जाते, कधी गॅसने, कधी गोळीने, कधी शिरेतून.

गुंगीचं औषध मनातली घालमेल शांत करतं. दाढेची नस बधिर करण्याचं काम हिरडीतल्या इंजेक्शनचं, म्हणजे लिडोकेनसारख्या औषधाचं. त्यामुळे गुंगी घेतली तरी सुई असतेच. फक्त ती कधी आली आणि कधी गेली याचं काही वाटत नाही. हे आधी कळलं नाही तर सुई दिसल्याबरोबर पेशंटला वाटतं, मला फसवलं. मग सगळी मेहनत पाण्यात.

गंमत म्हणजे हाच अपेक्षाभंग या शास्त्राच्या जन्माच्या वेळीही झाला होता. होरेस वेल्स हा अमेरिकेतल्या हार्टफर्डचा दंतवैद्य. डिसेंबर १८४४ मध्ये त्याने एका जाहीर कार्यक्रमात लाफिंग गॅस, म्हणजे नायट्रस ऑक्साइड हा गुंगी आणणारा वायू, घेतलेला माणूस पाहिला. त्या माणसाच्या पायाला लागलं होतं, पण त्याला पत्ताच नव्हता. दुसऱ्याच दिवशी वेल्सने गॅस घेऊन स्वतःचीच दाढ काढून घेतली. पुढच्या महिन्यात बॉस्टनमध्ये डॉक्टरांसमोर प्रयोग केला, तेव्हा दात काढताना पेशंट ओरडला आणि वेल्सची हुर्यो उडाली. आज दातांच्या खुर्चीत आपण हा गॅस माणूस बेशुद्ध करायला वापरतच नाही, पण पेशंट मात्र अजून तीच अपेक्षा घेऊन येतात.

एकदम मोठ्या उपायालाच हात घालू नका

एक साधा दात भरायचा असतो आणि मागणी पूर्ण बेशुद्धीची असते. भीती किती आहे हे मोजायला एक पाच प्रश्नांची चाचणी आहे, मॉडिफाइड डेंटल एन्झायटी स्केल. उद्या दवाखान्यात जायचं आहे, बाहेर बाकावर बसला आहात, ड्रिल सुरू होणार आहे, दात साफ होणार आहेत, हिरडीत सुई येणार आहे, अशा प्रसंगी काय वाटतं ते विचारतात. गुण ५ ते २५. १९ किंवा त्याहून जास्त आले तर भीती तीव्र समजतात. कमी आले तर बऱ्याचदा हिरडीला आधी बधिर करणारी जेल, इंजेक्शन अगदी सावकाश देणं आणि हात वर केला की काम थांबवायचं हा करार, एवढ्यावर भागतं. हा हाताचा करार फार मोलाचा आहे. आपण थांबवू शकतो हे कळलं की निम्म्या लोकांना थांबवायची गरजच पडत नाही.

लाफिंग गॅस: तोंडाने श्वास आणि गप्पा

गॅस नाकावरच्या छोट्या मास्कमधून मिळतो. दोन ते पाच मिनिटांत बोटांना मुंग्या येतात आणि अंग हलकं किंवा जड वाटू लागतं. "मला काहीच होत नाहीये" म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण घाबरून तोंडाने श्वास घेत असतात, नाहीतर अखंड बोलत असतात. गॅस नाकातून जायलाच हवा. सर्दीने नाक चोंदलं असेल तर फोन करून तारीख पुढे ढकला, उगाच खेप वाया जाईल.

याच्या उलट गरगरायला लागलं किंवा मळमळलं तर ते सहन करत बसू नका, सांगा. प्रमाण कमी केलं की मिनिटभरात बरं वाटतं. यंत्रच असं असतं की ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाही, आणि शेवटी काही मिनिटं नुसता ऑक्सिजन देतात. तोवर मास्क ओढून उठायची घाई करू नका.

गरोदरपणाचे पहिले तीन महिने, बी-१२ ची कमतरता, डोळ्याच्या ऑपरेशनमध्ये नुकताच भरलेला गॅसचा बुडबुडा, कानाचं नुकतंच झालेलं ऑपरेशन: यातलं काही असेल तर आधी सांगा. हा गॅस शरीरातलं बी-१२ निकामी करतो आणि बंद पोकळ्यांमध्ये शिरून दाब वाढवतो. डोळ्यातल्या बुडबुड्याच्या बाबतीत तर नजरच जाऊ शकते.

गोळी: सगळ्यात जास्त चुका इथेच

गोळी सोपी वाटते, म्हणूनच लोक तिला गंभीरपणे घेत नाहीत.

एक पेशंट आठवतात. दाढ काढायची होती, तासभर आधी घ्यायला एक गोळी दिली होती. त्यांनी घरी घेतली. चाळीस मिनिटांनी घड्याळ पाहिलं, काही वाटत नाही. मग आईच्या डब्यातली झोपेची गोळी घेतली, "जरा जोर यावा म्हणून". दवाखान्यात आले ते मेहुण्याच्या खांद्यावर. हाक मारली की डोळे उघडायचे आणि पुन्हा मिटायचे. हनुवटी छातीला टेकली की घोरणं सुरू व्हायचं, वर उचलून धरली की थांबायचं. बोटाला ऑक्सिमीटर लावला, ऑक्सिजन सुरू केला, आणि आम्ही दुपारभर त्यांच्या छातीकडे बघत बसलो. दाढ राहिली तिथेच. संध्याकाळी जागे झाल्यावर पहिला प्रश्न, "काढली का?"

झालं काय, तर पोटातून जाणारं औषध रक्तात चढायला वेळ लागतो. कुणाला अर्धा तास, कुणाला तासाहून जास्त, पोट भरलेलं असेल तर आणखी. पहिली गोळी चढायच्या आत दुसरी घेतली की दोन्हींचा जोर एकदम येतो. गोळीने गुंगी आली नाही तर करायची गोष्ट एकच, ती म्हणजे दवाखान्यात सांगणं. फार तर काम दुसऱ्या दिवशी होईल.

याच कुळातल्या आणखी चुका:

- धीर यावा म्हणून थोडी दारू घेणं. दारू आणि ही औषधं, म्हणजे डायझेपाम, मिडाझोलाम, ट्रायाझोलाम वगैरे, एकमेकांचा जोर वाढवतात आणि श्वास मंदावतात. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि झोप आणणारी सर्दीची गोळीही त्याच पंगतीतली.
- चालू औषधं न सांगणं. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, बुरशीवरच्या काही गोळ्या आणि ग्रेपफ्रूटचा रससुद्धा मिडाझोलाम आणि ट्रायाझोलामचं पचन अडवतो. मग नेहमीचीच मात्रा दुप्पट घेतल्यासारखी वागते.
- रोजची झोपेची गोळी, रोजचं पिणं किंवा गांजा लपवणं. ज्यांना याची सवय आहे त्यांना नेहमीची मात्रा लागू पडतच नाही, आणि का पडत नाही हे आम्हाला कळत नाही. घरच्यांसमोर बोलता येत नसेल तर त्यांना बाहेर पाठवायला सांगा. आम्ही डॉक्टर आहोत, पंच नाही.

क्वचित औषध उलटंही फिरतं. माणूस शांत व्हायच्या ऐवजी चिडचिड करतो, रडतो, हात झटकतो. मुलांमध्ये आणि वयस्करांमध्ये हे जास्त दिसतं. पूर्वी असं कधी झालं असेल तर ते सगळ्यात आधी सांगा.

उपाशी यायचं की खाऊन?

इथला गोंधळ दोन्ही बाजूंनी होतो. फक्त हिरडीत इंजेक्शन असेल तर नेहमीसारखं खाऊन या. भीती आणि रिकामं पोट एकत्र आलं की खुर्चीत घाम फुटतो, डोळ्यांसमोर अंधारी येते, आणि लोक म्हणतात, "मला भुलीची ॲलर्जी आहे." ती ॲलर्जी नसते, घाबरून आलेली चक्कर असते.

शिरेतून गुंगी द्यायची असेल तर नियम उलटा. साधारणपणे हलकं खाणं आणि दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधी बंद. चरचरीत, तेलकट जेवण झालं असेल तर आणखी वेळ लागतो. गुंगीत उलटी होऊन ती श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून हा हट्ट. दूध घातलेला चहा पाण्यात धरू नका, तो दुधातच मोडतो. चुकून काही खाल्लं असेल तर खरं सांगा. तारीख बदलेल, एवढंच. रक्तदाबाची गोळी घोटभर पाण्यासोबत घ्यायची का, उपाशीपोटी इन्सुलिनचं काय करायचं, रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं काय, हे आपल्या मनाने ठरवू नका. विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करणं हे दाढ काढण्यापेक्षा जास्त धोक्याचं ठरू शकतं.

शिरेतली गुंगी: घोरण्याबद्दल बोला

शिरेतून दिलेलं औषध थेंबाथेंबाने वाढवता येतं, म्हणून ते गोळीपेक्षा जास्त हातात राहतं. मिडाझोलाममुळे मधलं बरंचसं आठवतही नाही. पेशंट म्हणतो, "मस्त झोप लागली." प्रत्यक्षात तो अर्धा तास माझ्या सांगण्याप्रमाणे आ करत होता.

जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं, मानेचा घेर मोठा असणं या गोष्टी लोकांना दातांशी संबंध नसलेल्या वाटतात. गुंगीत घशाचे स्नायू सैलावतात, त्यामुळे आम्हाला नेमकी तीच माहिती हवी असते. आणि तुम्हीही विचारा: मी गुंगीत असताना माझ्या श्वासाकडे कोण बघणार? जो दाढ काढतो आहे तोच सगळं बघणार, असं उत्तर आलं तर पुढे विचारा. ऑक्सिजन आहे का, औषधाचा उतारा, म्हणजे फ्लुमॅझेनिल, जवळ आहे का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही.

नेलपॉलिश काढून या. ऑक्सिमीटर नखातून प्रकाश पाठवून आकडा दाखवतो, गडद रंगाने तो चुकू शकतो.

मधेच दुखलं तर

गुंगीत असतानाही दुखलं तर हात वर करा किंवा आवाज करा. दुखण्यावरचा उपाय गुंगी वाढवणं नसून हिरडीत आणखी औषध देणं हा आहे. सुजलेल्या, पू झालेल्या दाढेत हे जास्त होतं. तिथे आम्लता वाढलेली असते आणि बधिर करणारं औषध नसेत नीट शिरत नाही. दाढ ठणकायला लागल्यावर महिनाभर थांबणाऱ्यांना मी हेच सांगतो: थांबल्याने सुई चुकत नाही, उलट तिचा गुण कमी होतो.

इंजेक्शननंतर छातीत धडधडलं तर तेही लगेच भीतीच्या खात्यावर टाकू नका. त्या औषधात बरेचदा ॲड्रेनॅलिन असतं, त्याने काही मिनिटं ठोके वाढतात आणि उतरतात. सांगा, आम्ही थांबतो.

मुलांच्या बाबतीत

घरातली मोठ्यांची गोळी अर्धी करून किंवा झोप आणणारं सिरप पाजून मुलाला आणू नका. मात्रा वजनावर ठरते, आणि आधीच काही पोटात असेल तर आमचं औषध देताच येत नाही. "सुई नाहीच आहे" हे वचनही देऊ नका, ते पाचव्या मिनिटाला मोडतं. "डॉक्टर काय करणार ते आधी दाखवतील" एवढं पुरे.

घरी गेल्यावर

गोळी किंवा शिरेतली गुंगी घेतली असेल तर सोबत मोठं, जबाबदार माणूस हवंच. "रिक्षाने जाईन" हे चालत नाही. पुढचे २४ तास गाडी, गॅसवरचं रांधणं, कडेवर मूल, कागदपत्रांवर सही, काही नको. सूचना सोबतच्या माणसाला ऐकू द्या. पेशंट मान डोलावतो आणि रात्री त्याला एक शब्द आठवत नाही.

ओठ बधिर असताना जेवू नका. मुलं तर गंमत म्हणून ओठ चावत बसतात आणि संध्याकाळी तो सुजतो. हाक मारूनही जाग येत नसेल, श्वास अडखळत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर दवाखान्याला फोन करून उत्तराची वाट बघू नका, थेट रुग्णवाहिका बोलवा.

आणि दुसऱ्या दिवशी, डोकं ताळ्यावर आल्यावर, फोनमध्ये चार ओळी लिहून ठेवा: कोणतं औषध, किती मात्रा, किती वेळाने लागलं, काय त्रास झाला. औषधाचं नाव आठवत नसेल तर दवाखान्यात विचारून घ्या. पुढच्या दाढेच्या वेळी, डॉक्टर कोणीही असो, ती नोंद आधी दाखवा.