डिटेक्टर खोल जात नाही? आधी या चुका टाळा

‘मशीन घेतलं, पण चार बोटांच्या खाली काही सापडतच नाही.’ मेटल डिटेक्टर नवा घेतलेल्या माणसांकडून ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता मशीन हातात घ्यायच्या आधीच सेटिंग बघतो. बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असतं. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीनचा कान किती तिखट ठेवायचा ते सेटिंग, शेवटच्या काडीपर्यंत चढवलेली असते, ग्राउंड बॅलन्स (मशीन मातीशी जुळवून घेणं) केलेलाच नसतो, आणि कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची शोधणारी चकती, जमिनीपासून वीतभर वर फिरत असते. कोकणच्या किनाऱ्यावर आणि घाटावरच्या शेतांत लोकांच्या हरवलेल्या अंगठ्या, कुड्या, ट्रॅक्टरच्या पिना शोधून देताना यातली प्रत्येक चूक मी स्वतः केली आहे.

सेन्सिटिव्हिटी फुल्ल ठेवणं

सर्वात महागात पडणारी चूक हीच. सेन्सिटिव्हिटी वाढवली की खोली वाढेल असं वाटतं, पण हिशेब वेगळा आहे. कॉइलमधून निघणारं चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होतं आणि धातूकडून परत येणारं क्षेत्रही तसंच क्षीण होतं. दोन्ही मिळून, नाण्याएवढी छोटी वस्तू कॉइलपासून जरा लांब असेल, तर सिग्नल अंतराच्या साधारण सहाव्या घाताने कमी होतो. म्हणजे ताकद दुप्पट केली तरी खोली फक्त १२ टक्क्यांच्या आसपास वाढते. १५ सेंटिमीटरवर ऐकू येणारं नाणं फार तर १७ सेंटिमीटरवर ऐकू येईल. दुप्पट खोली हवी असेल तर ६४ पट ताकद लागेल. ‘दहा फूट खोल सोनं शोधा’ अशी जाहिरात दिसली की हा आकडा आठवा आणि पैसे खिशातच ठेवा.

सेन्सिटिव्हिटी चढवल्यावर जमिनीचा आणि हवेतल्या विजेचा गोंगाट मात्र भरपूर वाढतो. खोलवरच्या नाण्याची बीप अगदी बारीक, कुजबुजल्यासारखी असते. सतत टकटक चालू असताना ती कानाला कळत नाही. मशीन शांत होईपर्यंत एकेक काडी खाली उतरा. उतरल्यावर मशीन जास्त खोल ‘जातं’, कारण आता तुम्हाला ते ऐकू येतं.

जमीन ओळखल्याशिवाय सुरुवात करणं

इंग्लंडमधल्या नांगरलेल्या शेतातून फूटभर खोल चांदीचं नाणं निघालेले व्हिडिओ बघून आपण तीच अपेक्षा ठेवतो. आपल्या पायाखाली दख्खनचा बेसॉल्ट आहे. त्याच्या झिजेतून बनलेल्या काळ्या मातीत मॅग्नेटाइट या चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाचे कण आहेत, आणि कोकणातला जांभा तर लोहानेच लाल झालेला. खात्री करायची असेल तर स्पीकरमधलं जुनं लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि सुक्या मातीतून फिरवा. पिशवीला काळी केसाळ दाढी उगवते. ती दाढी जितकी दाट, तितकी खोली कमी. रत्नागिरीजवळ मालगुंड, काळबादेवी पट्ट्यात इल्मेनाइट या लोहयुक्त खनिजाची काळी वाळू आहे, तिथे पांढऱ्या वाळूवरची सेटिंग जशीच्या तशी चालत नाही.

ग्राउंड बॅलन्स म्हणजे या मातीचा आवाज वजा करायला मशीनला शिकवणं. आधी खाली धातू नाही अशी जागा शोधा. नाहीतर मशीन खिळ्यालाच जमीन समजून बसेल. मग बटण दाबून कॉइल जमिनीजवळून गुडघ्याच्या खालपर्यंत वर-खाली करा, आवाज सपाट होईपर्यंत. सकाळी एकदा करून दिवसभर तसंच हिंडू नका. काळी माती संपून मुरूम लागला, बांध ओलांडला, सुक्या वाळूतून ओल्यात उतरलात, की पुन्हा करा.

ओली खारी वाळू हे वेगळंच प्रकरण आहे. मिठाचं पाणी वीज वाहतं, त्यामुळे मशीनला ती वाळूच धातूसारखी वाटते. मावसबहिणीची अंगठी भरतीच्या रेषेजवळ पडली होती, तेव्हा मी तासभर १२ किलोहर्ट्झच्या एकाच फ्रिक्वेन्सीच्या मशीनवर, सेन्सिटिव्हिटी फुल्ल ठेवून, पाण्याकडे आणि परत अशा फेऱ्या मारत होतो. नुसता कलकलाट. मग सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणली, ओल्या वाळूतच ग्राउंड बॅलन्स केला आणि पाण्याच्या कडेला समांतर चालायला लागलो, म्हणजे कॉइलखालची ओल सारखी राहते. तिसऱ्या ओळीत एक स्वच्छ बीप आली. अंगठी मूठभर खोल होती. किनाऱ्यावर नेहमी जाणार असाल तर एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी चालवणारं मशीन घ्या, हा खर्च वाया जात नाही.

कचरा गाळताना सोनं गाळणं

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट लक्षात आली. खालचा धातू कोणता असावा ते सांगणारा पडद्यावरचा आकडा अंगठीसाठी चॉकलेटच्या चांदीच्या कागदाच्या आणि कॅन उघडायच्या चापीच्या मधोमध आला होता. बारीक सोनं तिथेच येतं. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको ते धातू मुके करणारं सेटिंग, वाढवून आकड्यांचा तो पट्टा बंद केला असता तर अंगठी अजूनही वाळूतच असती. लोखंडाचा खालचा भाग तेवढा बंद ठेवा, बाकी सगळं ऐका. खोलवर आणि खनिजयुक्त मातीत आकडा घसरतो, चांगली वस्तूही लोखंडाकडे झुकते. म्हणून बारीक पण दोन्ही दिशांनी येणारी बीप असेल तर आकड्याकडे न बघता खणा.

पडद्यावरच्या खोलीच्या आकड्यावरही विसंबू नका. तो नाण्याएवढी वस्तू धरून काढलेला असतो. पत्र्याचा डबा असेल तर कमी खोली दाखवेल, बारीक कुडी असेल तर जास्त.

मशीन बिघडलं असं वाटतं तेव्हा

कॉइल जमिनीवर ठेवा आणि हात काढून घ्या. तरीही मशीन वाजतंय? मग दोष जमिनीचा नाही, विजेचा आहे. वरून जाणारी तार, विहिरीवरची मोटर, शेताच्या कुंपणाचं झटका मशीन, आणि बऱ्याचदा आपल्याच खिशातला मोबाइल. फ्रिक्वेन्सी बदला किंवा जागा बदला. फक्त फिरवतानाच वाजत असेल तर ग्राउंड बॅलन्स पुन्हा करा. तेवढ्याने भागलं नाही तर दांड्याला केबल सैल गुंडाळली आहे का बघा, आणि कॉइलचं कव्हर काढून आत साचलेली काळी वाळू झटका.

घरी हवेत चाचणी करताना एक रुपयाचं स्टीलचं नाणं घेऊ नका. ते लोहचुंबकाला चिकटतं, आकडा उड्या मारतो आणि लोखंड बंद असेल तर मशीन मुकं राहतं. पाच रुपयाचं पिवळं नाणं घ्या.

कॉइल झोपाळ्यासारखी फिरवू नका. दोन्ही टोकांना ती वर उचलली जाते आणि जितकी वर, तितकी खोली गेली. गवताला घासत, सपाट, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवत. मोठी कॉइल स्वच्छ वाळूत खोल जाते, पण खनिजयुक्त मातीत ती मातीही जास्त बघते. काळ्या रानात मी लहानच लावतो.

मशीन घेऊन किल्ल्यावर, गढीवर किंवा संरक्षित वास्तूच्या आसपास जाऊ नका. मार्च २०२५मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या परिसरात सोन्याच्या नाण्यांच्या अफवेने लोक रात्री डिटेक्टर घेऊन शेतं खणत होते. पिकाचं आणि इतिहासाचं, दोन्हीचं नुकसान. जमीनमालकाची परवानगी घ्या, आणि जमिनीत पुरलेलं जुनं धन सापडलंच तर १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. किमतीची मर्यादा अजूनही दहा रुपये आहे, त्यावरचं सगळं कळवायचं.

खोली खरी किती, हे अंगणातच कळतं. १०, १५ आणि २० सेंटिमीटरवर तीन पिवळी नाणी आडवी पुरा आणि वर खुणेचे दगड ठेवा. माझ्या अंगणात असे दगड आहेत. काळ्या मातीतलं २० सेंटिमीटरचं नाणं मला आजवर ऐकू आलेलं नाही. त्याशेजारी खड्डा करून नदीची धुतलेली वाळू भरली आहे, तिच्यात त्याच खोलीवर ते बारीक का होईना, बोलतं.